मुकादम आधी जाऊन येतो

बसा गुरुजी, पंख्याखाली बसा. चहा मीच टाकतो, घरात कुणी नाही. सुट्टीत कुठं जाणार म्हणून विचारलंत ना? कुठंच नाही. का, ते सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

तुम्हाला माहीत आहे, मी शाळेतला कारकून माणूस. आमच्या घरात भूतखेत, देवदेवस्की कुणी मानत नाही. त्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावल्यात, बघा. गेल्या मे महिन्यात आम्ही ठरवलं, आठ दिवसांत स्वस्तात नागपूर, सारनाथ, बोधगया करून यायचं. स्लीपरचा डबा, धर्मशाळेत मुक्काम, घरच्या दशम्या. मी, बायको महामाया आणि लेक लुंबिनी. तिघंच.

मायला न्यायचं नाही, हे मीच ठरवलं. बहात्तरची होती सरजाबाई, गुडघ्यांनी बेजार. बोधगया दाखवीन असा शब्द आबांनी तिला दिला होता आणि शब्द तसाच ठेवून ते दोन वर्षांपूर्वी गेले. ती रोज माझ्या मागं लागायची.

"रव्या, मला बी ने की रं."

"माय, तिकडं पंचेचाळीस डिग्री ऊन हाय. रस्त्यातच मरशील!"

असं बोललो मी. जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही. आणि खरं सांगू? ऊन हे निमित्त. ती सोबत असली की पावलोपावली रिक्षा, जरा चाललं की थांबा. माझं बजेट कोलमडत होतं. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आबा, म्हणजे रामकिशन मुकादम, रस्त्याच्या कामावर होते. जन्मभर अंगाला डांबराचा वास. गँग कुठं न्यायची असली की चार दिवस आधी एकटेच जाऊन यायचे, काळी छत्री घेऊन. पाणी कुठं, सावली कुठं, बायामाणसं झोपतील कुठं, सगळं बघायचे. तेही लांबच्या टोकापासून. "शेवटचा मुक्काम आधी बघावा, मग बघत बघत घराकडं यावं," म्हणायचे. "घरी आलं की माणसं उचलायची न् निघायचं." मुक्काम ठरवताना मीही लांबूनच सुरुवात केली. बापाची सवय, दुसरं काय.

सोमवारी दुपारी पहिला फोन बोधगयेच्या धर्मशाळेला लावला. तुम्हाला आपल्या चाकूरची मेमधली दुपार काय सांगायची, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. कूलर घरघरत होता, ओल्या वाळ्याचा वास सुटला होता. माय दारापाशी तांदूळ निवडत बसली होती.

"तीन जन का कमरा चाहिए," मी म्हणालो. गाव सांगितलं.

"चाकूर? वहाँ से तो एक बाबूजी आकर कमरा देख गए. काली छतरी वाले. पलंग पर बैठकर देखा. बोले, बीवी के घुटने दुखते हैं."

माझं डोकंच फिरलं. कोण टवाळकी करून राहिलं म्हणून चार शिव्या हासडल्या आणि फोन ठेवला. मायनं मान वर केली नाही.

"पलंग बुटका हाय ना रं?" एवढंच विचारलं.

फोनचा आवाज मोठा होता, तिनं ऐकलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मंगळवारी सारनाथ. तिथला माणूस म्हणाला, बाबूजी सकाळीच निघाले, नळाचं पाणी चाखून गेले, गोड आहे म्हणाले. बुधवारी नागपूर. तिथं एक बाई होती.

"एक आजोबा आले होते हो. जिना मोजून गेले. अकरा पायऱ्या, चढंल ती, म्हणाले."

मी फोन ठेवला, गुरुजी. कुणाला सांगू? महामायेला सांगितलं असतं तर तिनं भिंतीवरच्या त्या प्रतिज्ञांकडं बोट दाखवलं असतं.

आणि इकडं मायनं 'मला ने' म्हणणं बंद केलं होतं. पांढरं लुगडं धुवून वाळवलं. बुधवारी संध्याकाळी दुधात पीठ मळून स्वतः दशम्या थापल्या.

"आमच्यासाठी का माय?"

"न्हाई बाबा, आमच्यासाठी."

"आमच्यासाठी म्हंजे?"

ती हसली. आबा गेल्यापासून तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. बरं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही.

गुरुवारी नांदेडच्या भागवतकाकांना फोन केला. रेल्वे नांदेडहून, म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम त्यांच्याकडं होता. काका आबांच्या गँगमधले, त्यांच्या तिरडीला खांदा दिलेला माणूस.

"काका, चोवीसला येऊन राहिलो मुक्कामाला."



"रव्या… तुझा बाप आत्ता ओट्यावर बसून गेला रं. पाणी मागितलं, म्या दिलं. तोंडाकडं बघायची हिंमत झाली न्हाई… पर छत्री वळखली."

ती छत्री आम्ही आबांच्या सरणावर ठेवली होती.

"काय म्हणाले?"

"चाकूरची गाडी इचारली. दीडची हाय म्हणलो… गेला."

भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा कमी होते. दीडची एसटी आपल्याकडं चारला लागते. सगळी अक्कल, सगळं विज्ञान गेलं चुलीत! मी मोबाइलवर मायचं तिकीट काढलं. खालचा बर्थ मिळाला, कन्फर्म. पळतच तिच्याकडं गेलो. ती पांढरं लुगडं नेसून, दशम्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती.

"माय, तुझं तिकीट काढलं बघ! तू चल आमच्यासंगं."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला.

"उशीर केलास लेकरा. आता त्यायला माघारी कसं धाडू? एवढ्या लांबून आलेत."

महामाया लुंबिनीला घेऊन पिठाच्या गिरणीवर गेली होती. मी दाराला आतून कडी घातली, खिडक्या लावल्या आणि मायचा हात दोन्ही हातांत धरून खाली बसलो. रडलो, खोटं कशाला सांगू. माझं चुकलं माय, माझं चुकलं, एवढंच म्हणत होतो. ती मला थोपटत होती.

चारच्या सुमाराला लाइट गेली. कूलर थांबला आणि इतकं शांत झालं की मागच्या स्टँडवर गाडी लागल्याचं ऐकू आलं. मग आवाज आला. ठक… ठक… छत्रीचं टोक रस्त्यावर टेकवत कुणीतरी येत होतं, सावकाश. वाळ्याचा वास गेला आणि घरभर गरम डांबराचा वास पसरला. आवाज उंबऱ्यापाशी थांबला. कुणी कडी वाजवली नाही.

"आले," माय म्हणाली आणि तिनं डोक्यावरून पदर घेतला.

लाइट आली तेव्हा तिचा हात माझ्याच हातात होता. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. सावलीत, कूलरपुढं, घरात. आणि मी तिला म्हणालो होतो, रस्त्यातच मरशील. मांडीवरचं गाठोडं मात्र सापडलं नाही. दाराची कडी आतून तशीच होती.

मायचं पुण्यानुमोदन झाल्यावर बोधगयेच्या त्या धर्मशाळेवाल्याचाच फोन आला.

"आपके माताजी-पिताजी पहुँच गए. माताजी ने हमें भी रोटी खिलाई, दूध वाली. और सुनिए… तीन जन का कमरा भी बाबूजी ने रोक रखा है. मैंने तारीख पूछी. बोले, हम खुद लेने जाएँगे."

वर्ष झालं त्याला. तेव्हापासून लांबचा नंबर दिसला की मी उचलत नाही. काल चुकून उचलला. नागपूरची बाई होती. "आजोबा परत येऊन गेले हो," म्हणाली. "या खेपेला तीन गाद्या बघून ठेवल्यात."

नागपूर झालं म्हणजे आता नांदेड, मग चाकूर. मुकादम माणसं उचलतो ती घरून. घरात कुणी नसलं तर उचलेल कुणाला? एवढं एकच सुचलं. सकाळच्या पहिल्या गाडीनं महामायेला आणि लुंबिनीला बसवून दिलं, भोकरला तिच्या भावाकडं. घाईघाईत कपडेसुद्धा नीट घेऊ दिले नाहीत. एका गोष्टीचा मात्र विचारच केला नाही. कारकुनी करण्यात जन्म गेला आणि एवढी साधी गोष्ट सुटली, गुरुजी. भोकरची गाडी नांदेडला बदलावी लागते.

तुम्ही यायच्या थोडं आधी लुंबिनीशीच बोलत होतो. खुशीत होती.

"पप्पा, स्टँडवर लई गर्दी होती, पण एका आजोबांनी आम्हा दोघींना जागा धरून दिली. छत्रीआड तोंड नाही दिसलं. म्हणाले, तुम्ही बसा पोरींनो, तिसऱ्याला घेऊन येतो. चाकूरची गाडी विचारत होते. मम्मीनं सांगितलं, दीडची हाय."

मी ओरडलो, खाली उतरा म्हणून. रेंज गेली. तेव्हापासून पन्नास वेळा लावला, लागून नाही राहिला.

बसा हो. चहा राहू द्या, पण उठू नका. किती वाजले, तेवढं जरा बघून सांगा.