हसाजी तेल्याचं सेफेर

"बारा," शाई म्हणाली.

साकिब मुकादमनं हेडफोन काढले आणि मिल्काकडे असं बघितलं, की काही खोडी काढली असेल तर तिनंच.

"बारा? बारा काय? आपले बारा वाजले, एवढंच मला कळतंय."

"दे इकडे!" मिल्कानं हेडफोन हिसकावले. आवाज जाडाभरडा होता, तोंडात घास धरून बोलल्यासारखा. पण शब्द स्वच्छ. बा-रा.

आणि घोळ तोच होता. कारण ज्या शब्दाची शाई ती ऐकत होती, तो शब्द होता 'बेरेशीत'. म्हणजे 'आरंभी'. तोराचा, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाचा, अगदी पहिला शब्द. 'बेरेशीत'च्या शाईनं 'बेरेशीत' म्हणावं ना? ही बया म्हणतेय बारा! गेले चार दिवस हेच चाललं होतं. कुठलीही शाई ऐका, ती भलतंच काहीतरी बोलायची.

हे सगळं चालू होतं चंद्राच्या पाठच्या अंगाला, नीरव प्रयोगशाळेत. तिथं वारा नाही, लाटा नाहीत, रस्त्यावरून धडधडत जाणारा ट्रक नाही. इतकी निवांत जागा, की तिथला कंपवाचक वाळलेल्या शाईत अडकून बसलेली थरथरसुद्धा टिपतो. म्हणून तर दीड वर्ष परवानग्यांसाठी चपला झिजवून मिल्का झिराडकरनं आपल्या गावचं, आंबेखारच्या सिनेगॉगचं सेफेर इथवर आणलं होतं. सेफेर म्हणजे चामड्यावर हातानं लिहिलेली तोराची गुंडाळी. गावात दर शनिवारी ती उघडून वाचतात. आणि गाव एका सुरात सांगतं, की ही आमच्या हसाजी तेल्यानं लिहिली. घाणा चालवायचा, शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस म्हणून त्या दिवशी बैल सोडायचा आणि बाकीच्या दिवशी उरलेल्या वेळात सेफेर लिहायचा.

गावाबाहेर कोण मानणार? तेल गाळणाऱ्यांना एवढं हिब्रू कुठलं, म्हणून लोक हसायचे. सेफेरांच्या जागतिक सूचीत आंबेखारच्या सेफेरापुढं लिहिलं होतं : 'लेखनस्थळ : बहुधा येमेन'. मिल्काला तिथं 'कोकण' लिहून हवं होतं. तिला दुसरं काही नको होतं. आणि यान परवा परत निघणार होतं.

"काय म्हणतं यंत्र?" काठी टेकत रेऊबेन अंकल आत आले. चंद्रावर वजन सहावा हिस्सा झालं तरी काठी सोडायला तयार नाहीत! रेऊबेन तळकर. जन्म इस्राएलमधल्या दिमोनाचा, घरात रोजची मराठी, आणि अख्खी हयात जुन्या हिब्रू हस्तलिखितांत गेलेली. त्या सूचीवर शेवटची सही त्यांचीच असायची.

"बारा म्हणतं, अंकल."

"मग बरोबरच आहे की. 'बेरेशीत बारा'. आरंभी निर्मिलं. बारा हा दुसरा शब्द."

"बघ, मी म्हणत नव्हतो?" साकिब उसळला. "मशीन एक घर पुढं सरकलंय. आता सगळं खोलून बसा!"

"थांब थांब थांब!" मिल्का उभ्या उभ्याच उडाली आणि चंद्रावर असल्यामुळं टाळू छताला लागली. "मशीन नाही सरकलं! अंकल, सोफेर, सेफेर लिहिणारा, लिहितो कसा? आधी शब्द मोठ्यानं म्हणतो, मगच लिहितो. नियमच आहे तसा. आता 'बारा' म्हणताना त्याच्यासमोर ओलं काय होतं?"

"बेरेशीत," अंकल हळूच म्हणाले.

"आणि ओलं असतं तेच ऐकतं! प्रत्येक शब्दाच्या पोटात पुढचा शब्द आहे!"

साकिबनं कपाळावर हात मारला. मग अंकलनी स्टूल ओढलं आणि म्हणाले, "मुकादम, मला नीट समजव. मी पुस्तकातला किडा आहे, तुमच्या भौतिकीतला नाही."

"सोपं आहे. शाई कशाची? मायफळ, हिराकस आणि डिंक. ती वाळते थराथरानं. समोर कोणी बोललं की ओला थर थरथरतो आणि तसाच गोठतो. त्यावर पुढचा थर. याला आम्ही ध्वनिठसा म्हणतो. कंपवाचक एकेक थर मोजत जातो, की झाला आवाज."

"आणि किती वेगानं वाचायचं?"

"तिथंच जरा गोम आहे. शाई किती भराभर वाळली ते हवेवर. तिथली हवा आपल्याला कुठं माहितीय? म्हणून मी वेग फिरवत गेलो, आवाज माणसासारखा लागेपर्यंत."

"ठीक. मग ऐका."

त्यांनी दिवसभर ऐकलं. हसाजी, म्हणजे जो कोणी होता तो, एकेक शब्द सावकाश म्हणत होता. शब्द, गप्प. शब्द, गप्प. सगळं हिब्रू.

"उच्चार कोकणी वाटतोय ना?" मिल्कानं आशेनं विचारलं.

"या आवाजात? पोरी, अर्धी व्यंजनं शाईनं खाल्लीत. मला त्यात येमेनही ऐकू येईल आणि कोचीनही."

तेवढ्यात साकिब ओरडला, "ए, शेवटचा शब्द! त्याच्यापुढं शब्दच नाही! मग तिथं काय असेल?"

शेवटचा शब्द 'इस्राएल'. त्यानंतर म्हणायला काही उरत नाही. म्हणजे काम संपल्यावर माणूस जे बोलला, ते!

मिल्कानं गुंडाळीचं टोक यंत्राखाली सरकवलं. आणि एकदम कल्ला! टाळ्या, गाणं, दहा-वीस लोकांचा गोंगाट, सगळे भसाड्या आवाजाचे. त्यातून एकजण चक्क मराठीत म्हणाला, "सरक ना रे, मलापण लिहू दे!"

मिल्का आणि साकिब एकमेकांचे हात धरून नाचायलाच लागले. अंकल मात्र चष्मा पुसत बसले.

"अंकल, मराठी! ऐकलंत ना?"

"ऐकलं. पण शेवटची अक्षरं सोफेर नुसती कोरून ठेवतो, आतून पोकळ. गुंडाळी गावात पोचली की सोहळा होतो आणि गावकरी एकेक अक्षर शाईनं भरतात. सोहळा आंबेखारला झाला, मान्य. लेखन कुठं झालं?"

"तुम्ही ना, अंकल, लग्नात जेवायच्या आधी पंगत उठवाल!"

"उठवीन. जेवणात खडा असेल तर."

मिल्का फुगून कोपऱ्यात जाऊन बसली. पण डोकं थांबेना. लिहिताना सोफेर शब्दांखेरीज काही बोलत नाही. मग आपल्या भाषेत कधी बोलेल? चटका बसला, ठेच लागली... तोंडातून पटकन आपलीच भाषा निघते, तेव्हाच की! आणि लिहिणाऱ्याला ठेच कुठं लागते?

"चूक!" ती किंचाळली. "त्यानं चूक केलेली जागा शोधा!"

"या सेफेरात खाडाखोड नाही," अंकल म्हणाले. "त्यासाठीच तर त्याचं नाव आहे."

"चुकलेलं अक्षर सुरीनं खरवडतात ना? मग तिथलं चामडं पातळ झालं असणार. साकिब, जाडी मोज!"

दोन तास लागले. बासष्टाव्या रकान्यात, नखाएवढी एक जागा, केसभर पातळ. वर अक्षरं इतकी सफाईनं पुन्हा लिहिलेली, की दीडशे वर्षांत कोणाला पत्ता लागला नव्हता. अंकल काठी विसरून यंत्राशी आले.

"खरवडलेला शब्द गेला," साकिब म्हणाला, "पण त्याच्या आधीचा तेव्हा ओलाच होता."

लावला. आधी एक हिब्रू शब्द. मग शांतता. मग तोच जाडाभरडा, घोगरा, रेड्यासारखा आवाज म्हणाला :

"अगं बाई!"

तिघं खो-खो हसत सुटले, पुढचं कोणी ऐकलंच नाही. साकिब तर डोळे पुसत होता. "हसाजीराव! अहो, काय हे, अगं बाई काय!"

मग हळूहळू हसू थांबलं. कारण तिघांच्याही एकदमच लक्षात आलं.

कुठला बाप्या चुकला की "अगं बाई" म्हणतो?

"साकिब," मिल्का म्हणाली, "तू वेग फिरवलास तो कशासारखा आवाज येईपर्यंत?"

"माणसासारखा."

"म्हणजे पुरुषासारखा."

"सोफेर म्हटल्यावर..." साकिबनं जीभ चावली. "बाईमाणूसही माणूसच असतं, नाही का?"

त्यानं वेग वाढवला. घोगरेपणा सुटत गेला, सुटत गेला, आणि प्रयोगशाळेत एक तरुण, लगबगीचा आवाज घुमला. "अगं बाई! दोनदा लिहिलं की!" आणि पाठोपाठ ती हसली. स्वतःवरच, अगदी मनापासून.

"आता सोहळा लाव याच वेगानं," अंकल म्हणाले. लावला. भसाडे बुवा गायब! तिथं पोरंटोरं चिवचिवत होती, बायका गात होत्या आणि बाप्ये बाप्यांसारखे बोलत होते.

"दोन्हीकडं एकच वेग बसतोय," अंकल पुटपुटले. "म्हणजे शाई तीच आणि हवाही तीच, आंबेखारची. भाषा मराठी. पोरी, तुझं कोकण झालं."

पण मिल्काचा चेहरा उतरला होता. "अंकल, बाईनं लिहिलेलं सेफेर सिनेगॉगमध्ये वाचायला चालतं?"

"आपल्याकडच्या जुन्या नियमानं, नाही. बाजूला ठेवावं लागतं."

म्हणजे 'कोकण' मिळालं आणि गावचं सेफेर गेलं. शनिवारी सिनेगॉगमधलं सेफेराचं कपाट उघडणार आणि त्यात... तिला पुढचा विचार करवेना. "मी कशाला आणलं हे इथं? सूचीत खोटं लिहा असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही, अंकल. पण..."

"आणि मी लिहिणारही नाही." अंकलनी सूचीचा तक्ता उघडला आणि बोलत बोलत भरायला घेतला. "लेखनस्थळ : कोकण. शब्द मोठ्यानं म्हणणारी व्यक्ती : मराठी बोलणारी एक स्त्री. लेखक..." त्यांनी हात थांबवला. "मुकादम, शाईनं काय टिपलं?"

"आवाज."

"कोणाच्या हातात लेखणी होती, ते?"

साकिब हसायला लागला. "ते कसं टिपेल? शाईला कान आहेत, डोळे नाहीत."

"एकजण सांगतो, दुसरा म्हणतो आणि लिहितो, असंही असेल. दुसरा पुटपुटला असेल, शाईपर्यंत पोचलं नसेल. पुराव्याशिवाय मी येमेन खोडलं नसतं, तर पुराव्याशिवाय सेफेर बाद कसं करू? लेखक : अज्ञात. शंका असताना आहे तसं चालू राहतं. शनिवारी वाचा."

मिल्कानं त्यांना मिठीच मारली. काठी तरंगत तरंगत खाली गेली.

"पुरे, पुरे," अंकल म्हणाले आणि भिंग घेऊन पुन्हा बासष्टाव्या रकान्यावर वाकले. कितीतरी वेळ बघत राहिले. वळणदार, एकसारखी, ठसठशीत अक्षरं.

"पण काही म्हणा," ते स्वतःशीच बोलले, "हस्ताक्षर काय सुंदर आहे हो तिचं."