हळद लागलेली राख

"निळ्या पताका दाराकडं, पांढऱ्या स्टेजकडं! अन् पशा, शिडीवर नाचू नको!" श्रावस्तीनं खालून फर्मान सोडलं.

पौर्णिमाआत्याचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं, येरमाळ्यात, हायवेलगतच्या मंगल कार्यालयात. सजावटीचं काम तिघांनी घरच्यांशी भांडून मिळवलं होतं! आठवी संपवलेली श्रावस्ती, तिची जिवलग मैत्रीण तरन्नुम आणि श्रावस्तीचा चुलतभाऊ प्रसेनजित, म्हणजेच पशा.

"ए, इथं ढग हाय!" पशा ओरडला. "भिंतीच्या कोनाड्यात झोपलाय!"

तो मूठ सांभाळत उतरला. तळहातावर पांढराशुभ्र पुंजका. तरन्नुमनं हळूच फुंकर मारली आणि पुंजका उडाला, उन्हाच्या तिरिपेत तरंगला, चमकला, आणि पेंग आल्यासारखा सावकाश खाली आला. तिघंही बघतच राहिली. मे महिन्यात येरमाळ्यात बर्फ!

"कापूस असंल," पशा म्हणाला.

"कापसाचं चिमटीत पीठ होतं का, शहाण्या?" श्रावस्तीनं थोडा चुरडून दाखवला.

महिन्यापूर्वी इथं आग लागली होती. "चार पडदे जळाले, बस्स!" असं मालक सिद्रामप्पा सगळ्यांना सांगायचे. नवे पत्रे टाकून, छताच्या गर्डरला चंदेरी रंग फासून त्यांनी कार्यालय पुन्हा सुरू केलं होतं.

"चार पडदे?" तरन्नुमची दादी अजीजाबी खुदकन हसली. तिचं बांगड्यांचं दुकान कार्यालयाच्या बरोबर समोर होतं आणि पुंजका घेऊन तिघं तिथंच धावली होती. "म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं की गं! आधी हिरव्या ज्वाळा, मोराच्या पिसावानी. मग वर निळसर-पांढरा उजेड, अन् आभाळातनं हे असलं पांढरं पांढरं पडाया लागलं. आगीला खूबसूरत म्हणावं का न्हाय, तेच कळंना बघ मला!"

श्रावस्तीच्या डोळ्यांसमोर ते सगळं उभं राहिलं. मोरपंखी ज्वाळा, त्यांच्यावर भुरभुरणारा पांढरा पाऊस... आणि एकदम ती ताडकन उठली.

"पडदे हिरवे नाही जळत! हिरवी ज्वाळा तांब्याची, म्हणजे वायरिंग जळालं. आणि पत्र्यावर जस्ताचा थर असतो ना? जस्त जळालं की अशी पांढरी लोकर होते! तापवली की पिवळी, गार झाली की परत पांढरी. बाईंनी प्रयोगशाळेत दाखवलं होतं."

"कधी?" तरन्नुम चकित झाली.

"तू बाकाखाली लपून चिंचा खात होतीस तेव्हा!"

दुकानामागच्या स्वयंपाकघरात दादीनं खिडकी उघडून गॅस पेटवला. चिमट्यात पळी, पळीत ती पांढरी भुकटी. तिघं वाकून बघू लागली. कडेनं पिवळी झाक आली, पसरली, गडद झाली.

"हळद लागली!" पशा कुजबुजला.

पळी खाली ठेवली. पिवळेपण हळूहळू विरत गेलं, एखादं स्वप्न पुसट होत जावं तसं. पुन्हा पांढरं!

तरन्नुमनं विचारलं, "म्हणजे आग केवढी गरम होती गं?"

"जस्ताची वाफ व्हायला नऊशे अंश तरी लागतात." बोलता बोलता श्रावस्तीचा आवाज बारीक झाला. "लोखंड तेवढ्यात वितळत नाही. पण त्याच्या कितीतरी आधीच मऊ पडतं. आणि त्या पत्र्याखालीच तर गर्डर आहेत! त्यांच्याखाली आत्या बसणार!"

तिघं धावतच कार्यालयात परतली. स्टेजवरच्या गर्डरच्या दोन्ही टोकांना, खाली वीतभर अंतर सोडून, त्यांनी पताकांची दोरी तंग ताणून बांधली. टोकाला वीतभर फट, पण मधोमध? जेमतेम दोन बोटं! रंगाखाली गर्डरला पोट आलं होतं!

तेवढ्यात श्रावस्तीचे पप्पा, राजपाल, सिद्रामप्पांना घेऊन आले. श्रावस्तीनं दोरी दाखवून वाकलेल्या गर्डरचं सांगितलं, तर अप्पा खो खो हसले. "पोरांचे खेळ! गर्डर लोखंडाचा हाय, मेणाचा न्हाय!"

"श्रावस्ती, मोठ्यांना शिकवू नये," पप्पाही म्हणाले.

 श्रावस्तीनं एक खुर्ची ओढली, स्टेजच्या मधोमध ठेवली आणि गोड हसली. "बरं अप्पा! लग्नात तुमचा सत्कार करायचाय. इथं बसता का? आत्ताच एक फोटो काढते!"

अप्पांनी वर पाहिलं. एक पाऊल मागे. मग आणखी एक.

"बसा की अप्पा!" तरन्नुमनं लाडानं आग्रह केला.

"नको... पाठ धरलीया माझी. तिकडं दारापाशी घे फोटो."

पप्पांचा चेहराच बदलला. "तुम्ही दारापाशी, अन् माझी बहीण याच्याखाली?"

अप्पांनी उपरण्यानं घाम टिपला. मान वर होईना. "इंजिनियर म्हणला होता, गर्डर बदला. म्या म्हणलं, लग्नसराई उरकू द्या..."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मोकळ्या रानात मांडव उभा राहत होता आणि कार्यालयात मजूर गर्डर उतरवत होते. एका टोकाचे बोल्ट ढिले करताच कडाड्! गर्डर मधोमध मुडपून स्टेजवर कोसळला. मजूर बाजूला होते, कुणाला लागलं नाही. पण स्टेजच्या फळ्यांचे तुकडे झाले.

आत्या धावत आली. तिनं ते तुकडे पाहिले. मग तिघांना एकदमच कवेत घेतलं.

"शाबास रे पोरांनो!" पप्पा म्हणाले. "मोठ्यांना दिसलं नाही ते तुम्ही पाहिलं. उद्या मांडवात पहिल्या रांगेत तुम्ही तिघं!"

"पंगतीलाबी पहिल्याच रांगेत?" आत्याच्या मिठीतून पशाचा दबका आवाज आला.

"नवरदेवाच्याही आधी!" आत्या म्हणाली, आणि रडता रडता हसत सुटली.