न हलणारे साहेब

"बटण दाब गं," तपासनीस साहेब खुर्चीत ताठ बसून म्हणाले.

'कशालाही हात लावायचा नाही,' असं मावशीनं प्रयोगशाळेतून जाताना बजावलं होतं. पण आता साहेबच सांगत होते, म्हणून ताईनं दाबलं.

कॅमेरा साहेबांवर रोखलेला. साहेब पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे. पडदा मात्र काळाकुट्ट, आणि विजेच्या मीटरचा काटा शून्यापाशी पेंगत होता.

"बंद आहे. आजच भंगारात," साहेबांनी निकाल दिला. ते उठले आणि पाठमोरे होऊन चिठ्ठी लिहू लागले.

ताईच्या धाकट्या भावानं, चुळबुळ्यानं, तिला कोपरानं ढोसलं. "अगं, ते उठले तेव्हा पडद्यावर ठिपक्यांचा माणूस उठला!"

कॅमेऱ्यातल्या नखाएवढ्या चिपसाठी मावशीनं तीन वर्षं घालवली होती. संचालकांना आणायला ती वर गेली होती. ती येण्याआधी यंत्रावर चिठ्ठी चिकटली, की संपलंच सगळं. सुट्टीत मावशीकडे आलेल्या या भावंडांना तेवढं कळत होतं.

चुळबुळ्या गुपचूप खुर्चीत बसला आणि जन्मात न जमलेली गोष्ट त्यानं केली. तो हलला नाही. पडदा काळाच. मग त्यानं एक बोट हलवलं. अंधारात नुसतं ते बोट उजळलं. हात नाही, खुर्ची नाही.

ताईला मावशीचं बोलणं आठवलं. सकाळी सदरा घालताना जाणवतो, मग दिवसभर मेंदू त्याचं नावही काढत नाही. बदललं तेवढंच सांगायचं, एरवी गप्प. म्हणून मेंदू एवढ्याशा शक्तीवर चालतो. ही चिप त्याच्यावरूनच बेतलेली होती.

"साहेब, परत एकदा बसता का? पडद्यावर काही दिसतंय का, एवढंच सांगा."

साहेब नाइलाजानं बसले. त्यांनी निरखून पाहिलं आणि 'नाही' म्हणून मान हलवली.

पडद्यावर प्रकाशाचं एक डोकं तश्शीच मान हलवू लागलं.

साहेब थिजले. डोकं विझलं.

मावशी संचालकांना घेऊन आली, तेव्हा साहेब दहाही बोटं नाचवत होते आणि मीटरचा काटा जेमतेम सरकत होता.

"मला तीन वर्षांत जमलं नाही, ते या पोरांनी तीन मिनिटांत समजावलं," मावशी म्हणाली. तिनं यंत्राची एक कळ फिरवून नजर आणखी बारीक केली. "आता अजिबात हलू नका."

साहेबांचा पुतळा झाला. तरी छातीपाशी चार ठिपके हळूच उजळले, विझले, पुन्हा उजळले.

"हे काय आहे?"

"तुमचा श्वास, साहेब."

मग साहेबांनी चिठ्ठीवरचं 'बंद' खोडून 'चालू' लिहिलं, आणि तपासणाऱ्याच्या सहीच्या जागेवर बोट ठेवून पेन त्या दोघा भावंडांपुढे धरलं.