सुरुचीताईंचं आवतण

इंदूबाई, मी नवस बोलले होते तो हर्षासाठीच. पोरगी शाळेत हजेरीलासुद्धा तोंड उघडत नसे. पाहुणे आले की पडद्यामागे. तेव्हा महालक्ष्मीपुढे हात जोडून म्हटलं होतं, माझ्या लेकीला चारचौघांत बोलतं कर, मार्गशीर्षातला एकही गुरुवार मी चुकवणार नाही.

यंदा अकरावी कॉमर्सच्या मुलांना कॉलेजनं थोड्या दिवसांच्या इंटर्नशिपला पाठवलं. हर्षाला वाडीतलं एक ट्रान्सपोर्टचं गोदाम मिळालं. आलेल्या पेट्या बिल्टीशी, म्हणजे मालाच्या पावतीशी, ताडून पाहायच्या आणि गिऱ्हाइकांना फोन करायचा, तुमचा माल आला म्हणून. पहिल्याच संध्याकाळी ती रडवेली होऊन परतली.

"आई, मले नाही जमत वं. नंबर लावते अन् हॅलो आलं की ठेवूनच देते."

दुसऱ्या दिवसापासून मात्र नूरच पालटला. जेवताना घास हातात तसाच ठेवून सांगत बसायची. "मागच्या टेबलावर सुरुचीताई असतात. त्या म्हणतात, हसून बोललं की समोरच्याले ऐकू जाते. मी आज एका दुकानदाराले चूप केलं, आई!"

"लग्न झालं का गं त्यांचं?"

"हो. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. पण डबा काही आणत नाही बिचाऱ्या."

म्हटलं, शेवटच्या गुरुवारी हळदीकुंकवाला बोलाव त्यांना. आवतण मी पोरीच्याच तोंडी धाडलं.

त्या गुरुवारी दुपारी घटाला वेणी घालत होते, तर गोदामाच्या मॅनेजरचा, ओमप्रकाशजींचा फोन आला.

"ताई, पोरगी तुमची झकास हाय. आता तर आमच्या ड्रायव्हरांलेही दटावते." ते हसले. "फक्त जेवायच्या सुट्टीत मागं एकटीच बोलत बसते. फोनवर असन म्हटलं."

"एकटी कशी? सुरुचीताई असतात ना जवळ."

पलीकडे एक ट्रक हॉर्न देत होता. ओमप्रकाशजींचा आवाज एकदम खाली आला.

"ताई... हे नाव तिले कोणं सांगतलं? सुरुचीताई मागच्या थंडीत गेल्या. पेट्यांची थप्पी कोसळली अंगावर... त्याच टेबलापाशी."

वेणी घटाला कशीबशी घातली आणि मी दारापाशी गेले. दार लावून घ्यावं का? पण सवाष्णीला आवतण द्यायचं आणि लक्ष्मीच्या दिवशीच कडी घालायची? ते मला जमेना. हर्षा घरी आली तशी तिला आतल्या खोलीत बसवलं आणि दार उघडंच ठेवलं.

दिवेलागणीला तुम्ही सगळ्या येऊन गेलात. तुमच्या चपलांचा आवाज जिन्यात विरला, आणि त्यातूनच बांगड्या किणकिणत वर येऊ लागल्या. ओल्या बारदानाचा वास आला. समईची ज्योत मात्र हलली नाही.

"आवतण होतं ना..." उंबऱ्याबाहेरून कोणी तरी म्हणालं.

चेहरा इतका मायाळू होता, इंदूबाई, की मला त्याचंच भय वाटलं. ती पाटावर बसली. मी कुंकू लावलं. डिसेंबरच्या पहाटे लोखंडी शटरला बोट लावावं, तसं कपाळ. ओटी भरली. तेवढ्यात हर्षा धावत बाहेर आली, "ताई, आल्या तुम्ही!" आणि बोलू लागली. बोलतच राहिली. आयुष्यात एवढं बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं.

निघताना ती माझ्याकडे वळली. "आता आमच्याकडे पाठवजा हर्षाले. एकटीच असते मी तिथं..."

आपली सवय तुम्हाला ठाऊक आहे. हळदीकुंकवाला कोणी घरी बोलावलं की आपण 'नाही' म्हणतो का कधी? तोंडातून निघूनच गेलं, "पाठवीन ना."

इंटर्नशिप संपली. पोरगी कॉलेजात पुढच्या बाकावर बसते, भाषण करते. पण पुढच्याच गुरुवारी दिवेलागणीला चप्पल घालून दारात उभी. "ताई बोलावून राहिल्या, आई. तूच तर हो म्हटलं." हात धरला तर हाताला ओढ लागलेली, कोणी पलीकडून धरल्यासारखी. काय सुचलं देव जाणे, मी उंबऱ्यात जाऊन ओरडले, "सुरुचीताई, आज तुम्हीच या हो आमच्याकडे!" ओढ सुटली. हर्षानं मुकाट्यानं चप्पल काढली.

तेव्हापासून दर गुरुवारी पाट मांडते. पाहुणी म्हणून ती कुठं तरी बसलेली असली, की तिच्या घरी कोणाला जावं लागत नाही, एवढं मला कळलं आहे. देवी निभावून नेईल. पण येत्या गुरुवारी मला उमरेडला भावाकडे जावंच लागतं आहे, आणि घर बंद राहील.

मागच्या खेपेला पाटावरून उठताना तिनं तुमच्या लेकीची, दीप्तीची चौकशी केली. कोणत्या वर्गात आहे, लाजते का फार... नाव मी कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून हात जोडते, इंदूबाई. येत्या गुरुवारी तुम्हीही दारात उभं राहून तिला आवतण द्या. तिनं दीप्तीला बोलवायच्या आधी.