भेगेवरच्या तारखा

वात जरा पुढे सारा, म्हणजे बोलता बोलता विझायची नाही. गोष्ट तशी साधीच, किल्ली देण्याची. दुपार कलल्यावर मी एका एजंटला घराची किल्ली द्यायला निघाले होते.

हे नोकरी सांभाळून जुनी, लहान घरं घ्यायचे, डागडुजी करून भाड्याने द्यायचे. सगळी मिळून तीन. पण लोक सल्ला विचारायला असे यायचे, जणू आमची तीनशे आहेत. हे कानामागची पेन्सिल हातात घेऊन सांगायचे, "घर एकदा उन्हात बघा, एकदा पावसात. सगळे नळ एकदम सोडा. विकणारा इथून कुठे जाणार आहे ते विचारा. आणि सह्या करायच्या आधी तासभर त्या घरात गप्प बसा. घर आपणहून बोलतं."

"आपल्या घरात कधी तासभर गप्प बसलात का?" मी आतून विचारायची.

तिसरं घर आजींचं. दुसरा मजला, दोन खोल्या. आजींना मागेपुढे कोणी नव्हतं. करार असा, की पैसे आत्ता द्यायचे, पण त्या असेपर्यंत घरात त्यांनीच राहायचं. म्हणून ते आम्हाला परवडलं. सह्या झाल्या आणि माझ्या मनाला टोचणी लागली. एका म्हातारीच्या जाण्याची वाट बघत बसायचं? मी देवापुढे बसून नेम धरला. दर गुरुवारी आजींकडे जाऊन दिवा लावायचा आणि त्यांच्यासाठी उदंड आयुष्य मागायचं.

ह्यांना कळलं तेव्हा हे पोट धरून हसले. "असा धंदा बुडवणारी बायको मिळायला नशीब लागतं."

आजींना भीती एकाच गोष्टीची. "पोरी, मरणाचं काही नाही गं. पण त्या वेळी खोलीत कुणीतरी असावं." मी त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला. तुम्ही एकट्या नसाल, आजी.

हे तिथे महिन्यातून एकदा यायचे, ते भेग बघायला. आतल्या खोलीत, पलंगाच्या वर, खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग तिरकी उतरली होती. ती जिथे संपायची तिथे हे पेन्सिलीने आडवी रेघ मारायचे आणि शेजारी तारीख घालायचे. पुढच्या खेपेला भेग रेघेपलीकडे गेलेली दिसली, की घर अजून हलतंय असं समजायचं. आजी पलंगावरून टोमणा मारायच्या, "माझी विचारपूस राहिली बाजूला, भिंतीची चाललीय."

आणि मग हेच गेले. सकाळी बूट घालायला वाकले, ते उठलेच नाहीत. निरोप देताना मी त्यांची पेन्सिल माझ्या हाताने त्यांच्या खिशात ठेवली.

त्यानंतर चार महिने मी उंबरा ओलांडला नाही. दिवा लावत होते, पण मागायला तोंड उघडत नव्हतं. गुरुवार आले, गेले. एकदा आजींचा फोन आला. मी उचलला नाही. मग एक दिवस त्या गेल्याचाच निरोप आला.

दिलेला शब्द मी मोडला होता. त्या घराकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून विकायचं ठरवलं.

जिन्यात नवी शेजारीण भेटली. मी कोण ते तिला सांगितलं. शिवणकाम करणारी, गळ्यात टेप. "मी राहायला येऊन तीनच महिने झाले, ताई. पण आजींशी छान जमलं होतं."

"शेवटी..." मला विचारवेना. "एकट्याच होत्या ना?"

"एकट्या कुठे? तुमचे मालक होते की."

मी कठडा धरला.

"रोज संध्याकाळी पलंगाशी खुर्चीत बसलेले दिसायचे. दाराकडे पाठ, कानामागे पेन्सिल. आजीच म्हणाल्या, हे घर यांचं, मी गेले की घेतील ताब्यात. पण माणूस मोठा अबोल हो. दोनदा चहा विचारला, तर मानही वळवली नाही."

मी किल्ली काढून वर चढले.

दार उघडलं. बंद घराचा वास येईल असं वाटलं होतं. पण वास आला तो पेन्सिल तासल्यावर येतो तसा, लाकडाचा. पलंग उघडा होता. खुर्ची त्याला चिकटून.

भिंतीवरच्या रेघा मोजल्या. ह्यांच्या हयातीतली शेवटची मला ठाऊक होती, मी तेव्हा सोबत होते. तिच्याखाली आणखी चार होत्या. तेच अक्षर, चारच्या आकड्याचं शेपूट तसंच वळवलेलं. चौथी तारीख आजी गेल्या त्या दिवसाची. भेग बरोबर तिथे येऊन थांबली होती.

मी भिंतीला कपाळ टेकलं. चार महिने घरात त्यांची चाहूल मागत होते मी. कपाटाचं दार करकरलं तरी उठून बसत होते. आणि हे इथे होते. मी मोडलेला शब्द पाळत.

एजंट यायला वेळ होता. दिवा लावला आणि ह्यांनी सांगितल्याप्रमाणे गप्प बसले. बाहेर उजेड उतरत गेला. नळ ठिबकायचा थांबला. मग मागे, अगदी जवळ, कागदावर पेन्सिल फिरावी तसा खरखर आवाज...

"अहो..."

आवाज थांबला. दारावर टकटक झाली. एजंट.

मी दिवा उचलून भिंतीकडे वळले. भेग संपते तिथून चार बोटं खाली एक नवी रेघ होती. तिच्याखाली अजून शिशाची पूड ओघळत होती. शेजारी तारीख. पुढच्या महिन्यातली.

"मग काय ठरलं, मावशी?" एजंटने विचारलं. मी ती तारीख सांगितली. म्हटलं, त्यानंतर या.

त्याने मोबाइलमध्ये पाहिलं. "गुरुवार आहे. काही विशेष?"

"नेम आहे माझा," मी म्हटलं.

तेव्हापासून एकही गुरुवार चुकवला नाही. हल्ली तर मधल्या वारीही जाते. देवाकडे आता फार काही मागत नाही. खोलीत कुणीतरी असावं, एवढंच. दर वेळी खुर्ची भिंतीला लावून येते, आणि दर वेळी ती पलंगाशी ओढलेली सापडते.

उद्या तो गुरुवार. आज संध्याकाळी पाहिलं, भेग रेघेपासून नखभर लांब राहिली आहे. आणि खुर्चीवर त्यांची पेन्सिल होती. नुकतीच तासलेली.