आधी ड्रायव्हर, मग कार्ड

बस सुटली होती आणि तो धावत होता.

धुळ्याच्या स्टँडवर बसमागे धावणारी माणसं काही नवी नाहीत, पण याला बसमध्ये चढायचंच नव्हतं. हातातली सीडी उंच धरून तो एकेक खिडकी बघत आला आणि माझ्या खिडकीशी येऊन तसाच धावत राहिला.

"मॅडम, कार्ड घेतलंत नि ड्रायव्हरची सीडी दुकानातच विसरलात!"

मी हात बाहेर काढून सीडी घेतली.

"आधी ही घालायची... मग मशीन बंद करून कार्ड बसवायचं. उलटं केलंत तर मशीन रुसेल हां!"

"आणि रुसलं तर?" मी हसत विचारलं.

"तर फोन करा – नवल म्हणून विचारा!"

बस वळली. त्याची एक चप्पल मागेच राहिली होती. ती घ्यायला तो लंगडत परत जाताना दिसला आणि मला हसू फुटलं. साक्री आली तरी ते हसू काही जाईना.

पिंपळनेरला माझा कॉम्प्युटर क्लास. रस्त्याच्या एका बाजूला क्लास, समोर आमचं घर. फोन चालू असतानाही चालणारं ब्रॉडबँड इंटरनेट आलेलं घरच्या टेलिफोनवर, आणि क्लासच्या लाइनीचा अर्ज वर्षभर पडून. दोनदा रस्त्यावरून वायर ओढली. दोन्ही वेळा कापसाने गच्च भरलेले ट्रक ती तोडून सोबत घेऊन गेले. म्हणून हे नवं प्रकरण, बिनतारी कार्ड, आणि मशीनला त्याची ओळख करून देणारा प्रोग्रॅम, म्हणजे सीडीतला ड्रायव्हर. घरात टेलिफोनजवळ दोन शेंड्यांचा एक डबा, क्लासच्या मशीनमध्ये कार्ड, आणि मधे नुसती हवा! साल दोन हजार सहा. हवेतून इंटरनेट येतं असं मी सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघत, मग काळजीने आमच्या आबांकडे.

सोमवारी परीक्षा केंद्राचे साहेब तपासणीला येणार होते. क्लासमध्ये इंटरनेट नसेल तर मान्यता रद्द. आणि आबांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, "क्लास बंद पडना, ते सुरतवालासले हा सांगी देसू." सुरतच्या स्थळाला होकार, कारण ते चांगलं होतं म्हणे. त्या मुलाला कॉम्प्युटर येणारी बायको हवी होती. शिकवणारी नको होती.

आता आमच्या घरची रीत अशी की नवी वस्तू ओवाळल्याशिवाय वापरायची नाही. शनिवारी सकाळी आबा ताट घेऊन क्लासमध्ये हजर. मागे किराणा दुकानवाले भटूभाऊ, हातात नारळ.

"आबा, आधी सीडी घालावी लागते..."

"आणि मुहूर्त? ट्रॅक्टर बी चालू करीसनच ओवाळेल व्हता. कार्ड बसाड, मशीन चालू कर."

जमलेल्या वीस माणसांसमोर वडिलांशी काय वाद घालायचा? बसवलं कार्ड. आबांनी त्याला आधीच हळद-कुंकू लावलं होतं, तेही सढळ हाताने. मशीन सुरू झालं, पडद्यावर प्रश्न आला – नवी वस्तू सापडली, बसवून घेऊ का? भटूभाऊंचा नारळ वरच थांबलेला. मी 'हो' दाबलं, नारळ फुटला, आणि कार्डाच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह येऊन बसलं.

मी घरी जाऊन फोन लावला.

"नवल आहेत का?"

"बोलतोय... रुसलं ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही खिडकीत हसत होतात तेव्हाच वाटलं, हिचं ऐकण्यात लक्ष नाही."

"माझं होतं हो. आबांचं नव्हतं!"

पूजेची हकीकत ऐकून तो इतका हसला की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाला, "म्हणजे मुहूर्त साधला, पण भलताच नवरदेव बोहल्यावर चढवलात. मशीनने घाईत स्वतःजवळचा कुठलातरी ड्रायव्हर धरलाय. आधी त्याला उठवा, मग खरा बसवू."

मोबाइलला तेव्हा गच्चीवर गेल्याशिवाय रेंज नसे. त्यामुळे त्याने एक पायरी सांगायची, मी रिसीव्हर उशीवर ठेवून रस्ता ओलांडायचा, बटण दाबायचं, पडद्यावर काय आलं ते पाठ करून परत यायचं. पाचव्या फेरीला मला बोलवेना.

"पाणी प्या आधी," तो म्हणाला. "मी थांबतो."

"दुकानात... गिऱ्हाईक नाही का?"

"दोघं आहेत. पण ते जायला तयार नाहीत. पुढे काय झालं ते ऐकायचंय म्हणतात."

मी पाणी प्यायले. तो खरंच थांबला, एक शब्द न बोलता... आणि ते थांबणं मला फार आवडलं. आवडलं म्हणजे आवडलं, त्यात लपवायचं काय!

नवव्या फेरीला मी ट्रकखाली येता येता वाचले. तेव्हा आबांनी रिसीव्हर ताब्यात घेतला. वायर ताणून ते दारात उभे राहिले. "तू तठेच बस. तो माले सांगी, मी तुले सांगस."

आणि पिंपळनेरच्या भर रस्त्यावर माझे वडील ओरडले, "दिपा! तो म्हणस, भलता नवरदेव उठाड!"

भटूभाऊंनी तराजू खाली ठेवला. "कोना नवरदेव?"

"मशीनना!"

उठवला. मशीन बंद केलं, कार्ड बाहेर काढलं. त्याच्या सोनेरी दातांवर कुंकवाचा थर. मी तसं ओरडून सांगितलं, आबांनी फोनवर सांगितलं आणि उत्तर ऐकून त्यांच्या भुवया चढल्या.

"असं मी मनी पोरले सांगाव नही," ते फोनमध्ये म्हणाले. "कुंकू पुस म्हणे!"

तिकडचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग आबांचा चेहरा सैलावला. "आते म्हणस, देवघरना कापूस ले, नि हळूच झटकी टाक. पोरगा समजदार शे."

मी कापसाने हळूच झटकलं. सीडी घातली, ड्रायव्हर बसवला, मग कार्ड. डब्याचं नाव आणि पासवर्ड टाकला. पिवळं चिन्ह गेलं आणि पडद्यावर पान उघडायला लागलं – वरून खाली, हळूहळू. मी धावत घरी जाऊन रिसीव्हर हातात घेतला.

"चाललं!"

"चाललं?"

आबा तिथेच उभे.

"म्हणजे आता... रुसलं तरच फोन कराल," तो म्हणाला.

"कोण? मशीन?"

"मशीनच," तो म्हणाला, पण जरा उशिराने.

सोमवारी साहेबांनी सही केली. सुरतला नकाराचं पत्र आबांनी स्वतः लिहिलं.

मंगळवारी अकराला फोन वाजला. बुधवारीही. अकराला मी शिकवत असायची, म्हणून आबा घ्यायचे. कापसाचं, पावसाचं, बसगाड्यांचं, नवलच्या मामांच्या दुकानाचं बोलून झालं की दारातून हाक यायची, "नवल इचारस, कार्ड बरं शे का?" मी खिडकीतून ओरडायची, "बरं आहे म्हणावं!" पंधरा दिवस त्या कार्डाची एवढी विचारपूस झाली की मुली तोंडावर रुमाल धरून टायपिंग करायच्या.

सोळाव्या दिवशी हाक लगेच आली नाही. मी खिडकीतून पाहिलं. आबा दारात रिसीव्हर धरून उभे होते. त्यांनी टोपी नीट केली.

"दिपा! नवल इचारस..." मधून एक ट्रक गेला. आबा तो जाईपर्यंत थांबले. "तू त्याले पसंत शे. तो तुले पसंत शे का?"

बावीस मुलींची बोटं थांबली. भटूभाऊ ओट्यावर आले. नंतर कळलं, तिकडे तो बिचारा 'आबा, फोन तिलाच द्या हो' म्हणून गयावया करत होता. पण आबांना आता सवय लागली होती.

माझे कान तापले. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं... आणि मला सुरत आठवली.

"त्यांना विचारा," मी ओरडले, "लग्नानंतर माझ्या क्लासचं काय?"

आबांनी विचारलं. मग बराच वेळ ऐकत राहिले. पंधरा दिवसांत वेळ मला इतका लांब कधीच वाटला नव्हता.

"तो म्हणस, क्लास आठेच राही! मामानं दुकान सोडीसन तोच आठे येवाले तयार शे!"

मी उठले. मुलींना टायपिंग चालू ठेवायला सांगितलं. एकीनेही ठेवलं नाही. रस्ता ओलांडला आणि आबांच्या हातून रिसीव्हर घेतला.

"हॅलो..." त्याला धाप लागली होती, दुकानात बसल्या बसल्या.

"हो," मी म्हणाले.

"हो म्हणजे?"

"पसंत आहात. खूप." मी आवाज अगदी खाली आणला. "पण हे मी ओरडून सांगणार नव्हते. हे फक्त तुमच्यासाठी आहे, नवल. गावासाठी नाही."

तिकडून एक लांब श्वास ऐकू आला. मी डोळे मिटले.

आणि माझ्या मागे आबा रस्त्याकडे तोंड करून ओरडले, "भटूभाऊ! हा म्हनी ती!"