मशीनच्या पोटातली दुसरी खोली

"हयात, कोणीतरी आत जाऊन आलंय."

फोनवर मोन्सेफचा आवाज इतका बारीक झाला होता, की हयातला सख्खा भाऊ ओळखू आला नाही. शाळेतला गणिताचा तास तिने तसाच सोडला आणि टॅक्सी करून त्याचं वकिली ऑफिस गाठलं. 'आत' म्हणजे कुठे, हे तिला विचारावं लागलं नाही. ती खोली तिनेच बांधली होती.

मोन्सेफच्या टेबलावरचं जुनं मशीन दिसायला विंडोजचं. ट्युनिसमधल्या सगळ्यांसारखा त्याला फ्रेंच मांडणीचा कीबोर्ड. पण डिस्कचा एक कप्पा हयातने वेगळा पाडून तिथे लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवली होती. विंडोजला तो कप्पा दिसत नसे. विंडोजमधून काळ्या पडद्यावर बाहेर पडायचं, विंडोजच्याच कप्प्यात दडवलेला एक चिमुकला प्रोग्राम चालवायचा, की तो विंडोजला बाजूला सारून लिनक्सला उठवी. मग परवलीचा शब्द. झडतीला येणारे विंडोज उघडून बघत आणि कंटाळून जात.

आत नजीबचा जबाब होता. पोलिस कोठडीत एक पोरगा मेला, तो कसा मेला हे पाहिलेला नजीब हा एकच माणूस. आज दुपारी त्याला लपायच्या जागेवरून हलवायचं, हेही त्याच कप्प्यात होतं. जागा मात्र फक्त मोन्सेफच्या डोक्यात होती.

"आत शिरलं की मागची खेप कधीची ते पडद्यावर येतं ना?" मोन्सेफ म्हणाला. "शुक्रवार दुपार दाखवतंय. मी तेव्हा सूसच्या कोर्टात होतो."

"ऑफिसची चावी कुणाकडे?"

"जोहराकडे. आणि लुत्फीकडे."

जोहरा टायपिस्ट, मोन्सेफच्या पहिल्या खटल्यापासूनची. लुत्फी नवा मदतनीस, फ्रान्सात लियोंला कायदा शिकून आलेला, बोलघेवडा.

"आणि परवलीचा शब्द?"

मोन्सेफने मान खाली घातली. "माझा तो रोज पहिल्या खेपेला चुकतोच. मग मी ओरडतो. झग्वान, झग्वान, घे ना मेल्या!"

"शाबास! खालच्या न्हाव्यालाही पाठ असेल."

मोन्सेफ हसला नाही. "माझं गाडीचं लायसन्स काढून घेतलंय. नजीबला आणायला जोहरा जाते म्हणते, लुत्फीही जातो म्हणतो. मी कुणाच्या हाती देऊ त्याला? चुकलो तर तो संपला."

हयातने खिडकीच्या पडद्याच्या फटीतून खाली पाहिलं. समोर पाळतीची पांढरी गाडी उभी होती. आत दोन माणसं सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती.

ती मशीनपुढे बसली. लिनक्स प्रत्येक खेप टिपून ठेवतं. मोन्सेफच्या दर दिवसापुढे आधी चूक, मग बरोबर. शुक्रवारी मात्र चूक एकही नव्हती. हयातने ती ओळ दोनदा वाचली.

जोहरा पुदिन्याचा चहा घेऊन आली.

"शुक्रवारी दुपारी कुठे होतीस?"

"मावशीकडे, कुसकुस खायला. लल्ला हयात, माझ्यावर संशय?"

"आज माझा सगळ्यांवर आहे."

लुत्फी बाहेरच्या मशीनवर अर्ज टाइप करत होता. नजर कागदावर, बोटं भरधाव. पण दर ओळीला थांबून खोडत होता.

"शुक्रवारी?"

"समुद्रावर. ला मार्साला, एकटाच."

"कोणी पाहिलं?"

"माशांनी!" तो एकटाच हसला.

"इतकं भरभर टाइप करता आणि इतकं खोडता?"

"लियोंच्या कीबोर्डवर हात बसलाय हो. हे आपलं डबडं."

हयातने दोघांना आत बोलावलं. काळ्या पडद्यावर लिनक्स उघडं होतं. "मी फ्रेंचमध्ये एक वाक्य सांगते. दोघांनी टाइप करा. नजर माझ्यावर ठेवा."

"हा काय पोरखेळ?" लुत्फी म्हणाला.

"असू दे पोरखेळ. जोहरा, तू आधी."

जोहराची बोटं सराईतपणे धावली. पडद्यावर निव्वळ गाळ उमटला. "या अल्लाह! मी तर नीटच मारलं!"

मग लुत्फी बसला. त्याच्या कपाळावर घाम होता. बोटं चालली, आणि वाक्य स्वच्छ उमटलं. एक अक्षर चुकलं नाही.

"उठू नका," हयात म्हणाली. "या लिनक्सला फक्त इंग्रजी मांडणी कळते. फ्रेंच शिकवायचा मी कंटाळा केला. आपल्या कीबोर्डवर 'ए'ची कळ दाबली, की ते 'क्यू' समजतं. 'झेड' दाबला की 'डब्ल्यू'. रोमन लिपीतल्या झग्वानमध्ये 'ए' आणि 'झेड' दोन्ही आहेत. म्हणून मोन्सेफ रोज आधी अडखळतो आणि मग कळा बदलतो, म्हणून आत्ता जोहरा अडखळली. शुक्रवारचा माणूस अडखळला नाही. त्याची बोटं इंग्रजी कीबोर्डवर वाढलीत. तीच बोटं बाहेरच्या मशीनवर चुकतात, आणि दर ओळीला खोडावं लागतं. लुत्फी, लियोंचा कीबोर्ड आपल्यासारखाच असतो. तुम्ही लियों पाहिलेलं नाही."

लुत्फीने बोटं कीबोर्डवरून काढून घेतली आणि तो मोन्सेफकडे वळला. "कुवेतला होतो. कारकून. परत आलो तर पोलिसांनी विमानतळावरच उचललं. लियोंची गोष्ट त्यांनीच रचली. त्यांना जागा हवी होती, उस्ताद. मशीनमध्ये ती मिळाली नाही, म्हणून गाडी मी नेणार होतो."

मोन्सेफने जोहराच्या कानात जागा सांगितली. ती मागच्या जिन्याने गेली, चपला हातात घेऊन.

तेवढ्यात फोन वाजला. तिघेही दचकले.

"तेच आहेत," लुत्फी म्हणाला. मोन्सेफने रिसीव्हर दाबून धरला.

"उचलू दे त्याला," हयात म्हणाली. तिला स्वतःच्या बोलण्याची भीती वाटली.

लुत्फीने फोन कानाला लावला. "नाही साहेब... आज नाही. उस्ताद घाबरलाय, उद्यावर ढकललंय. हो, नक्की."

खाली इंजिन सुरू झालं. पांढरी गाडी निघून गेली.

लुत्फीने रिसीव्हर ठेवला. "उद्या त्यांना कळेल मी खोटं बोललो. माझी आई एकटी राहते, उस्ताद. तिला कोण हलवणार?"

याच माणसाने तासाभरात नजीबला विकलं असतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

हयातने पर्स उचलली.

"आईचा पत्ता सांगा," ती म्हणाली.